नरूभाऊजी आणि विसराळू सर्व्हर

या, अश्या पुढे या. तिकडे उंबऱ्याशी बसून माझं बोलणं काय कपाळ ऐकू येणार तुम्हाला? आणि हो, मी इथे लेकीकडे आले म्हणून तरी भेटलात; आधी बोलणी खायची, मग चहा. पनवेलवरून कितीदा जाता-येता, पण आमच्या आळीत डोकवायचं म्हटलं की तुमचे पाय दुखतात. खोटं सांगू नका. दाखवा बघू मनगट. निळ्या शाईत 'पोचले' असा शिक्का आहे का? नाही ना? मग तुम्ही आलाच नव्हतात. आमच्याकडे आलेला माणूस नरूभाऊजींच्या शिक्क्यातून सुटत नाही.

नरूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. टपाल नाक्याच्या अलीकडे त्यांचं रबरी शिक्के बनवायचं दुकान होतं. ग्रामपंचायती, शाळा, भाताच्या गिरण्या, सगळ्यांचे शिक्के त्यांच्या हातचे. पण माणसाला एखाद्या गोष्टीचं वेड असावं तरी किती? त्यांच्या खिशात पेन नसे, शिक्के असत. बोलण्यापेक्षा शिक्का मारणं त्यांना सोपं वाटे. मी लोणचं घातलं की बरणीच्या फडक्यावर 'तपासले'. पेपरातला अग्रलेख पटला नाही की त्यावर 'अमान्य', आणि तोच पेपर मग शेजारी वाचायला जायचा. आळीतला पांढरा बोका माझ्या स्वयंपाकघरात शिरायचा, तर एक दिवस तो पाठीवर 'आवक' असा शिक्का घेऊन आला. मी ओरडले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "थांबा वहिनी, 'जावक'चा शिक्का दुकानात राहिलाय. आणतो."

दुसरं वेड याहून वाईट. "मुहूर्ताचं हलवायचं नाही." हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं वापरलं जायचं. दुकानाच्या मुहूर्ताला लावलेला दिवा कधीच उडालेला, पण तो तसाच लटकत होता आणि त्याच्या खाली दुसरा लटकत होता. मुहूर्ताचं कुलूप बिघडलं तर ते कडीतच ठेवून शेजारी नवं. पहिलं गिऱ्हाईक ज्या खुर्चीवर बसलं तिचा एक पाय मोडला, तर ती भिंतीला टेकवून ठेवली. कुणी बसायला गेलं की भाऊजी ओरडायचे, "अहो, ती मुहूर्ताची! पडाल!"

लग्न केलं नाही. मुली बघितल्या नाहीत असं नाही हो. सासूबाई गेल्यावर घरात मोठी मीच, मीच त्यांना घेऊन हिंडले. पेण झालं, नागोठणे झालं, अलिबाग झालं. माझे यजमान तोवर गेलेले, त्यामुळे मुलगी दाखवायच्या वेळी मी बाहेर ओटीवर. माझी पोह्यांची बशी तिथेच यायची. परत येताना एस्टीत विचारावं, "काय भाऊजी, कशी वाटली?" तर म्हणायचे, "मुलगी चांगली आहे हो, पण चिवडा खवट होता." दर वेळी चिवडा खवट. एका घरी तर चिवडा नव्हताच, नुसती केळी होती. तेव्हा म्हणाले, "केला असता तर खवटच झाला असता." मग मी नाद सोडला. माझ्या दोघी मुली लग्न होऊन लांब गेल्या, भाऊजी दुकानावरच्या खोलीत एकटे, जेवायला तेवढे माझ्याकडे.

आणि अशा ह्या माणसाने काय काढावं? वधूवर सूचक मंडळ!

झालं असं की नव्वद सालानंतर तयार शिक्के बाजारात आले, आणि भाऊजींचं काम बसलं. तेव्हा पनवेलीत जो तो कम्प्युटर कम्प्युटर करत होता. भाऊजींनी ठरवलं, लग्नं जुळवायची ती यंत्रावर. दुकानावर पाटी रंगवली : 'शुभशिक्का वधूवर सूचक मंडळ. संगणकीय.' मी म्हटलं, "भाऊजी, न्हाव्याच्या दुकानात टकला न्हावी चालेल एक वेळ, पण तुम्ही?" तर म्हणाले, "वहिनी, ज्याला स्वतःची घाई नाही तोच दुसऱ्याचं नीट बघतो."

आता मुहूर्ताचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून निघालं.

सकाळची वेळ. गुरुजी, पेढे, आळीतली माणसं, आणि टेबलावर हार घातलेलं यंत्र. त्या यंत्राला चालू करायला तेव्हा एक फ्लॉपी लागायची. फ्लॉपी म्हणजे काळी चौकोनी पातळ वडी, ती पुढच्या फटीत सरकवायची. तो मान कुणाचा, तर समोरच्या कुमुदताईंचा, असं सगळ्यांनी धरलेलं. कुमुदताई नाकात नथ घालून आल्याच होत्या. विवाहमंडळाचा मुहूर्त, सवाष्ण नको का? मी आपली मागे, पेढ्यांच्या खोक्यापाशी.

आणि भाऊजींनी ती फ्लॉपी उचलली, सगळ्यांच्या मधून चालत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, ढकला."

मी म्हटलं, "अहो, मी कशी?"

"दोन बोटांनी. फार जोर लागत नाही."

गुरुजी पोथीत बघायला लागले. कुमुदताईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. मी मुकाट्यानं पुढे झाले, ढकलली. खट् असा आवाज झाला आणि आतून कर्र कर्र सुरू झालं, कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसं. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. मग कुमुदताई हळूच म्हणाल्या, "मी काही बोलत नाही हो. पण विवाहमंडळ, आणि..." त्या 'आणि'च्या पुढे त्यांनी काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

ती फ्लॉपी अर्थातच फटीतून पुन्हा निघाली नाही. मुहूर्ताची ना ती!

एका यंत्रावर मंडळ झकास चाललं. मग दिवाळीत भाऊजींनी आणखी दोन यंत्रं आणली आणि सतीश नावाच्या कम्प्युटरवाल्याला बोलावलं. हा सतीश खारघरच्या नव्या इमारतींपैकी एकीत राहायचा, पँटला पेजर लावायचा, आणि मला पहिल्या चहालाच आजी म्हणायला लागला. त्यानं तिन्ही यंत्रं वायरीनं जोडली आणि मला समजेल असं सांगितलं. मोठं यंत्र मागच्या खोलीत, सगळ्या मुलामुलींची माहिती त्याच्या पोटात. त्याचं नाव सर्व्हर. पुढची दोन यंत्रं त्याला वायरीतून विचारणार : पदवीधर, गोरी, आईवडिलांजवळ राहायला तयार, अशी मुलगी आहे का? पण विचारायचं कुणाला, हे कळायला मोठ्या यंत्राला घरासारखा एक नंबर हवा. 'एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब पाच.' बघा, मला अजून पाठ आहे. का पाठ आहे ते कळेलच.

तर त्या यंत्राला नंबर दिला की दिवसभर शहाण्यासारखं वागायचं. पण संध्याकाळी बंद करून सकाळी सुरू केलं की स्वतःचा नंबरच विसरायचं! पुढची दोघं हाका मारतायत आणि हे आत रुसलेल्या जावयासारखं गप्प. पुन्हा नंबर घातला की पुन्हा बोलायला लागणार. संध्याकाळी बंद, सकाळी परत कोरं.

भाऊजींनी आपल्या परीनं उपाय केला. कागदाच्या पट्टीवर नंबर लिहिला, त्यावर 'कायम' असा ठळक शिक्का मारला आणि पट्टी यंत्राच्या कपाळावर चिकटवली. मी म्हटलं, "अहो, त्याला वाचता येतं का?" म्हणाले, "वाचता येत नसलं तरी वर काहीतरी चिकटवलंय एवढं तर कळेल. माणसाला कळतं."

यंत्राला कळलं नाही. आळीला मात्र कळलं. आणि ते कसं कळलं ते ऐका.

शुक्रवारी आमच्याकडे वीज जायची. अशाच एका शुक्रवारी नेऱ्याचे धर्मादादा नातवासाठी मुलगी बघायला आलेले. डोक्याला टोपी, हातात काठी, शेजारी नातू लाजून निम्मा झालेला. भाऊजी पडद्यावर एकेक नाव दाखवत होते. तिसरीपाशी नातवाने मान वर केली, आणि नेमकी तेवढ्यात वीज गेली. थोड्या वेळानं आली. पडदा उजळला. वर काही नाही.

धर्मादादा वाकून बघायला लागले. "आता त होत्या ना पोरी? गेल्या कुठं?"

"वीज गेली होती ना, दादा. येतील."

"वीज आली की. पोरी नाय आल्या."

भाऊजी कपाळ पुसत म्हणाले, "जरा यंत्र विसरलंय."

"कुनाला? आमच्या तिसरीला?"

"नाही हो, स्वतःलाच."

धर्मादादांनी काठीवर हनुवटी टेकली. "आमचा बाप पन म्हातारपनी असाच इसरायचा. पन त्यानं कंदी कुनाच्या पोरी नाय हरवल्या. आमी सकाळच्यान उपाशी हाव, तेवढी तिसरी तरी काडून द्या."

मी चहाचा ट्रे घेऊन मध्येच उभी. हसू येत होतं, खरं सांगते. पण दारात कुमुदताई उभ्या होत्या, हातात देवळातल्या प्रसादाची पुडी. "मी काही बोलत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण रोज विसरतं म्हणे. मुहूर्त कुणाच्या हातनं झाला, ते बघायला नको का आधी?"

"कुनाच्या हातनं झाला?" धर्मादादांनी सरळ मनानं विचारलं.

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी ट्रे टेबलावर ठेवला. भाऊजी उठले, खिशातून शिक्का काढला, त्यावर हुप्पकन श्वास सोडला आणि कुमुदताईंच्या हातातल्या प्रसादाच्या पुडीवर 'अमान्य' म्हणून ठोकून दिला. आतली केळी चेपली. कुमुदताई महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. काही बोलत नाही असंही बोलल्या नाहीत.

पण बोल तर लागला होता. आता यंत्र विसरलं की ते यंत्राचं विसरणं राहिलं नव्हतं, माझ्या हाताचा गुण झाला होता. भाजी घेताना बायका माझ्याकडे बघून कुजबुजायच्या. एका मुलीच्या आईनं तर मंडळात येऊन आधी विचारलं, "इथे पत्रिका कोण हाताळतं?" मी त्या दिवसापासून पुढच्या खोलीत चहा न्यायचं बंद केलं. भाऊजींनी विचारलं नाही का बंद केलं ते. नुसता एक शिक्का नवीन कोरला आणि माझ्या चहाच्या ट्रेवर मारला : 'प्रवेश खुला'.

मी ठरवलं, हे यंत्र दुरुस्त झालंच पाहिजे. सतीशला मी निरोपावर निरोप धाडले. तो यायचा. पण गंमत बघा, तो आला की भाऊजी त्याच्या पुढे पुढे करायचे. "आधी थालीपीठ खा." "वायर बघ." "ती नको, ती दुसरी बघ." "खिडकीतून ओल येते का बघ." सतीश बिचारा खिडकी बघायचा, थालीपीठ खायचा, माझ्याकडे न बघता म्हणायचा, "आजी, वायरीला ओल लागतेय," आणि जायचा. भर उन्हाळ्यात ओल! मी मनात म्हणायचे, हा पोरगा थालीपिठापुरताच आहे.

त्याच सुमाराला भाऊजींनी यंत्राच्या पुढच्या फटीवर एक कागद चिकटवला : 'सीलबंद. उघडू नये.' मी विचारलं, हे काय नवीन? म्हणाले, "धूळ जाते." आणि सकाळी यंत्र सुरू होताना आत कर्र कर्र वाजायला लागलं की हात वर करून मला थांबवायचे. "ऐका वहिनी, तुमचा मुहूर्त बोलतोय."

आणखी एक नवीन सवय लागली त्यांना. उजाडता उजाडता बाहेर पडायचे. कुठे चाललात म्हटलं की, "फिरायला." फिरायला जाणारा माणूस तळ्याच्या पाळीवर दिसायला हवा ना? ते काही तिकडे दिसायचे नाहीत. पण एक खरं, हल्ली सकाळी मंडळ उघडायच्या वेळेला यंत्रं एकमेकांशी गोड बोलत असायची. मला वाटलं, सुधारलं हो यंत्र. फक्त भाऊजी येता-जाता काहीतरी पुटपुटत असायचे. आंघोळीला गेले की आतून आवाज, "एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब..." तांब्याबरोबर एकेक टिंब. पाठ होणार नाही तर काय होईल मला? आणि शुक्रवारी वीज जाऊन आली की दारावर लगेच पाटी लागायची, 'जेवणाची सुट्टी'. सकाळी दहा वाजता! आत बसून हे नंबर घालायचे आणि दार उघडून म्हणायचे, "जेवलो."

मग हिवाळ्यात त्यांना ताप भरला. अंगावर घोंगडी घालून मी त्यांना सक्तीनं माझ्याकडे झोपवलं. सकाळी बघते तर अंथरूण रिकामं. मफलर गुंडाळून दुकानात जाऊन आले होते. मी खूप बोलले. "तुमचा काय जीव अडकलाय हो त्या डब्यात? एक दिवस नाही चाललं तर आभाळ कोसळतंय?" ते निमूट काढा प्यायले आणि म्हणाले, "आभाळ नाही वहिनी. पण आळीत माणसं असतात."

मला काही उमगलं नाही. उमगलं ते सतीशमुळे.

सतीशचं लग्न ठरलं, तेही आमच्याच मंडळातून. पत्रिका द्यायला तो घरी आला. लग्न झालं की बंगळूरला नोकरीला जाणार होता. चहा प्याला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. रिकामा कप. मग म्हणाला, "आजी, काकांनी ती फ्लॉपी काढली का हो?"

"कुठली फ्लॉपी?"

"मुहूर्ताची. अजून आतच आहे ना?"

"मग काय तर! ती कोण काढू देणार?"

त्यानं कप पुन्हा खाली ठेवला. "आजी, मी काकांना शब्द दिलाय, पण मी आता चाललो आणि ते तापात पण जातात म्हणे. कुणाला तरी माहीत हवं. यंत्राला काही झालेलं नाही. ते जागं झालं की सगळ्यांत आधी त्या फटीत बघतं. तिथे फ्लॉपी असली की तिचंच ऐकतं. ती फ्लॉपी एका यंत्राच्या दिवसांतली. आणखी दोन यंत्रं आलीत, आपल्याला नंबर आहे, हे तिच्यात कुठे लिहिलेलंच नाही. नंबर मी यंत्राच्या पोटात कधीच लिहून ठेवलाय. पण फ्लॉपी पुढे असेपर्यंत ते पोटातलं वाचतच नाही. ती काढायची, बास. मी दुरुस्तीला आलो त्या पहिल्याच दिवशी काकांना सांगितलं होतं."

"मग काढली का नाहीस मेल्या तेव्हाच?"

"काढतच होतो. काकांनी माझा हात धरला. म्हणाले, 'ती काढली आणि यंत्र सुधारलं, तर आळी काय म्हणेल ते ठाऊक आहे? वहिनींचा हात निघाला तेव्हा कुठे मंडळ चाललं, असं म्हणेल. त्यापेक्षा मी रोज सकाळी येऊन नंबर घालीन. मला दुसरं काय काम आहे?'"

मी पत्रिका उलटीसुलटी करत बसले. वरचा गणपती एकदा सुलटा दिसला, एकदा उलटा.

"आणि ते ओल्या वायरीचं?"

"ते काकांनी शिकवलं होतं," सतीश म्हणाला. "थालीपीठ मात्र मनापासून खायचो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दुकानापाशी गेले. शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरले. मागच्या खोलीत भाऊजी मफलर गुंडाळून यंत्रापुढे बसलेले, एका बोटानं नंबर घालतायत, आणि प्रत्येक टिंबाला मान हलवतायत.

मला बघून दचकलेच. "वहिनी! तुम्ही, इतक्या सकाळी?"

"फिरायला आले," मी म्हटलं.

मी सरळ पुढे झाले आणि नखानं 'सीलबंद'चा कागद खरवडायला लागले. ते उभे राहिले. "अहो वहिनी, धूळ... अहो, मुहूर्ताचं हलवायचं..."

"नाही, ठाऊक आहे मला. पण मुहूर्त कुणाचा? माझा. मी घातली, मीच काढणार. का काढायला कुमुदताईंना बोलावू? नथ घालून येतील."

ते बाजूला सरकले. सतीशनं गुपित फोडलं, एवढं त्यांना कळलं असावं. मी फटीखालचं बटण दाबलं. खट्. तोच मुहूर्ताचा आवाज. ती काळी वडी माझ्या हातात आली. कोमट होती.

"आता बंद करून सुरू करा."

त्यांनी बंद केलं, सुरू केलं. ह्या वेळी कर्र कर्र झालं नाही. सुपारी नाही, काही नाही. खोली एकदम मोठी वाटायला लागली. भाऊजींनी सवयीनं तोंड उघडलं, "एकशे ब्याण..." मी बोट ओठावर ठेवलं. आम्ही दोघं पुढच्या खोलीत गेलो. तिथल्या यंत्राला विचारलं, मुली आहेत का? पडद्यावर मुलींची नावं भराभर खाली उतरायला लागली. नेऱ्याच्या नातवाची तिसरीसुद्धा.

त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा. लहान मुलाच्या हातात बॅटरी द्यावी तसं चाललं होतं. दर वेळी यंत्राला स्वतःचा नंबर आठवत होता. मग भाऊजी मागे सरकले आणि भान न राहून त्या मुहूर्ताच्या खुर्चीवर बसले. भिंतीला टेकलेली होती म्हणून वाचले.

"सुधारलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आता मी सकाळी काय करू, वहिनी?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "चहाला या."

फ्लॉपी काही टाकली नाही हो. तिच्यावर 'कायम'चा शिक्का मारून उडालेल्या दिव्याशेजारी खिळ्याला टांगली. आणि धर्मादादांना निरोप गेला. नातवाचं लग्न त्या तिसरीशीच झालं. धर्मादादा पेढे घेऊन आले तेव्हा यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले, "आता याला आटवतं ना सगलं? मग आमचं पन नाव टाकून ठेवा. म्हातारी जाऊन लई दिस झालं."

पुढे कुमुदताईही आल्या, भाचीचा फोटो घेऊन. शुक्रवार होता. वीज गेली, आली, आणि सगळी यंत्रं शहाण्यासारखी पुन्हा बोलायला लागली. त्या बघत राहिल्या. "मी काही बोलत नाही हो," म्हणाल्या, "पण काय उपाय केलात, नरूभाऊ? कुणाला बोलावलंत?"

मी त्या वेळी ट्रे घेऊन पुढच्या खोलीत आले होते. भाऊजींनी शिक्क्याला हात घातला नाही. चक्क तोंडानं बोलले, आणि आळीभर ऐकू जाईल असे बोलले. "कुणालाही नाही. आमच्या वहिनींनी हात लावला."

कुमुदताईंनी कप घेतला. साखर पुरेशी आहे म्हणाल्या.

तेव्हापासून भाऊजी रोज सकाळी माझ्याकडे चहाला येतात. दूधवाल्याच्याही आधी, मग बिनदुधाचा प्यायची पाळी येते. बशीत ओततात, फुंकर मारतात, आणि सवय मोडली नाहीये, फुंकरीबरोबर पुटपुटतात, "टिंब एक टिंब पाच." मी हसत नाही. आता मलाही ते ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

एकदा असाच चहा चालला होता आणि मी सहज विचारलं, "भाऊजी, एक सांगा. पेण, नागोठणे, अलिबाग. एवढ्या सगळ्या घरांतला चिवडा खवटच होता?"

त्यांनी बशीत आणखी चहा ओतला.

"म्हणजे मला काय कळणार म्हणा," मी म्हटलं. "मला सगळीकडे बाहेर ओटीवरच बसवलं होतं ना."

त्यांनी खिशात हात घातला. एक शिक्का काढला, वाचला, परत ठेवला. दुसरा काढला, तोही ठेवला. सगळा खिसा चाचपून झाला. पण त्या वेळी मारायला त्यांच्यापाशी शिक्का नव्हता.

"चहा गार होतोय, वहिनी," ते म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, ह्या माणसाला मी काय म्हणू? तुमच्यानंही सांगवणार नाही, ठाऊक आहे मला. मग निदान येऊन बघा तरी. ह्याच महिन्यात या, कामं कुणाची संपतात? सकाळी या, आम्ही दोघं चहालाच बसलेले असतो. बाही वर सारून मनगट मोकळं ठेवा, म्हणजे भाऊजींना खोळंबा नको. मी चिवडा करून ठेवते. ताजा. आणि आमच्याकडे बाहेर ओटीवर कुणाला बसवत नाहीत हो, सरळ आत यायचं.